वादळाचा उजवा हात

[दृश्य: श्रीवर्धन. शेंडे मोडलेल्या पोफळींची वाडी.]

३ जून २०२०. दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. धाकधूक मुंबईला होती, पण ती बऱ्यापैकी वाचली. आडव्या झाल्या त्या मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. असं का झालं, ते कळायला आधी स्वयंपाकघरात जाऊ.

भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढताना वाफेचा चटका बसलाय? उकळत्या पाण्यापेक्षा तो जास्त झोंबतो. कारण वाफेचं हातावर परत पाणी होतं आणि तिने पोटात घेतलेली उष्णता सगळी हातावर सुटते. वादळ चालतं ते ह्याच उष्णतेवर. त्याला साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेला समुद्र लागतो, तोही वरवर नाही, ५०-एक मीटर खोलपर्यंत. वाफ चढते, ढग होतात, उष्णता सुटते, हवा आणखी वर जाते. खाली दाब घटतो आणि चहूकडची हवा आत धाव घेते. पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न येता वळते. आपल्याकडे घड्याळाच्या उलट.

मग जुलैत वादळं का नाहीत? तेव्हा खालचे वारे एकीकडे, वरचे भलतीकडे. ढगांची उतरंड रचायच्या आधीच कलंडते. म्हणून आपली वादळं पावसाच्या तोंडावर, नाहीतर दिवाळीच्या आगेमागे. 'फयान' आलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये.

[दृश्य: उपग्रहचित्र, फिरता ढग.]

पुरतं माजलेल्या वादळाच्या मधोमध असतो डोळा. तिथे हवा खाली उतरते, वारा पडतो, कधी ऊनही दिसतं. फसायची जागा हीच. डोळ्याभोवती ढगांची भिंत असते आणि सगळा जोर तिच्यात. डोळा सरकला की वारा उलट्या दिशेने येतो. पत्रे बांधायला छपरावर चढलेला माणूस नेमका तेव्हा सापडतो.

आता वाड्यांचा हिशेब. निसर्ग ईशान्येला निघालं होतं. त्याच्या उजव्या हाताला श्रीवर्धन, डाव्या हाताला मुंबई. उजवीकडे फिरता वारा आणि वादळाची चाल एकाच दिशेची, म्हणजे बेरीज. शिवाय वारा दर्यावरून थेट वाडीत. डावीकडे वजाबाकी.

जमिनीवर आलं की वाफ तुटते. दुसऱ्या दिवशी निसर्गाचा जोर ओसरला होता. पोफळ लावली की पहिली सुपारी धरायला ५-७ वर्षं जातात.

[दृश्य: केळीच्या सावलीत लावलेलं पोफळीचं रोप.]