चिखलातून सरळ जा

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. पत्रिकेत विषय छापलाय ‘टेकडीवर धावण्याच्या वाटा आणि तंत्र’. तंत्राकडे येतोच. पण आधी मला वाटेबद्दल बोलू द्या, कारण गेले दोन पावसाळे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवर किती जण पळतात? हात वर करा. वा, जवळजवळ सगळेच. आता खरं सांगा, पावसाळ्यात वाटेत चिखल दिसला की कडेच्या गवतावरून किती जण जातात? हे बघा, तेच हात पुन्हा वर आले. मग आज मी ज्यांच्याशी बोलायला आलोय ते सगळे समोरच आहेत.

मी चौदा वर्षं या टेकडीवर पळतोय. लॉ कॉलेजच्या मागून चढायचं, माथ्यावरच्या वेताळाच्या देवळापर्यंत जायचं, खाणीच्या कडेनं परत. सुरुवातीला ही वाट कशी होती, तर एका माणसापुरती. समोरून कुणी आलं की एकानं थांबायचं, दुसऱ्यानं जायचं, जाताना दोन शब्द व्हायचे. आज त्याच वाटेची एक सपाटी मी पावलांनी मोजली. आडवी सात पावलं भरली. सात पावलं म्हणजे वाट नव्हे, बैलगाडीचा रस्ता झाला. आणि या वाटेवर गाडी तर जात नाही. आपणच जातो.

हे होतं कसं ते सांगतो. आपली टेकडी म्हणजे बेसॉल्टचा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर माती किती? कुठे वीतभर, कुठे चार बोटं. त्या चार बोटांत गवताची मुळं माती धरून बसलेली असतात. आपण पळालो की माती दाबली जाते, गवत मरतं. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मग ते वाटेवरूनच वाहायला लागतं. वाहताना माती नेतं, मुरूम उघडा पडतो, वाटेला ओघळ पडते. ओघळीतून पळता येत नाही म्हणून आपण शेजारून जातो. पुढच्या पावसाळ्यात शेजारचीही ओघळ होते. पाणलोटाच्या कामात एक वाक्य नेहमी म्हणतात: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला मुरवा. आपण बरोबर उलटं करतोय. आपल्याला पळता यावं म्हणून पाण्यालाही पळायला लावलंय.

आता टिटवीची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका, मी ती सोडणार नाही. मागच्या जूनचा दुसरा आठवडा. आदल्या रात्री दणकून पाऊस झालेला, सकाळी सहाला धुकं. खाणीच्या वरच्या सपाटीवर आलो आणि डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. वळली, पुन्हा आली, या वेळी कानाला वारा लागेल इतकी जवळून. एवढी चिडली म्हणजे जवळपास अंडी असणार, म्हणून जागीच थांबलो आणि नजर फिरवली. टिटवी घरटं असं काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. तब्बल पाच मिनिटं गेली तेव्हा दिसली. चार अंडी, मातकट, काळे ठिपके, टोकं आत करून ठेवलेली. शेजारच्या खड्यांपेक्षा वेगळी ओळखूच येऊ नयेत अशी. आणि चिखल चुकवत पळून वाटेशेजारी पडलेली सगळ्यात नवी, सगळ्यात बाहेरची रांग त्यांच्यापासून दोन हातांवर.

मी चार दगड उचलून त्या बाहेरच्या रांगेवर आडवे ठेवले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा अंडी तीन होती. चौथं चिखलात दाबलेलं, आणि त्यावर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटलेली. नागमोडी रेघा, मध्ये षटकोन. आपल्यापैकी निम्म्यांच्या बुटाला तीच नक्षी असेल. पळणारा वाईट माणूस नव्हता. त्याला दिसलंच नसणार, तो फक्त चिखल चुकवत होता. टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात, पण त्या बुटापुढे तिचं काही चाललं नाही. ती उरलेल्या तिघांवर बसून होती. भर उन्हाळ्यात हीच टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तिला सात पावलं रुंदीची वाट कुठून परवडणार? चंडोलही तिथेच गवतात, जमिनीवर घरटं करतो.

एका स्पर्धेच्या आयोजकांवरही माझा राग आहे. त्यांनी वळणदार वाट सोडून थेट उतारावरून चुन्याचे बाण मारले, अंतर नेमकं बसावं म्हणून. एका सकाळी कित्येक जण तिथून उतरले. आज तिथे गुडघाभर ओघळ आहे. त्याच उतारावर गुराख्यांची जुनी वाट आहे, ती बघा. उताराला आडवी, सावकाश चढत जाते. वाटा आखणाऱ्यांचा एक साधा हिशोब असतो की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता ओलांडून खाली जातं. गुराख्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेळीला दम लागतो कुठे, तेवढं त्याला माहीत होतं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर तंत्र. भराभर सांगतो, लिहून घ्या.

टेकडीवर किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. नदीकाठचं पुणं साधारण ५५० मीटरवर, वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. हा सगळा चढ पळत काढायचा हट्ट नको. उभ्या चढावर हात गुडघ्यांवर ठेवून चाला. चांगले चांगले डोंगरपळू तसंच करतात. उतारावर टाच रोवून स्वतःला अडवू नका. पावलं छोटी आणि भरभर, गुडघा किंचित वाकलेला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, म्हणून दोन दिवसांनी जिना उतरताना कळ येते. ती सवयीनं कमी होते, म्हणून उतार हळूहळू वाढवा.

मुरूम कातळावर पसरलेला असतो तिथे तो पाटावर सांडलेल्या ज्वारीसारखा सरकतो. तिथे नजर पायापुढे चार पावलं, आणि पळणं बंद. नवख्यांनी पाषाणच्या पंचवटीकडून चढावं, सवय झाली की लॉ कॉलेजकडून, चतुःशृंगीकडून. अंधारात एकट्यानं नको. पावसाळ्यात फुरसं आणि घोणस दोन्ही असतात, दगडावर हात टेकवताना आधी बघा. कानातली गाणी निदान एका कानातून काढा, टिटवी ओरडली तर ऐकू यायला हवं. आणि चिखल आला की मधून जा. सरळ मधून. बूट भिजतील, वाळतील.

शेवटची चिठ्ठी. ‘चिखलानं बूट जड होतात, काय करावं?’ चांगला प्रश्न आहे. वर गवतावर पुसू नका, खाली आल्यावर काडीनं काढा. आणि चढण्याआधीही तळवे झटका. रस्त्याकडेच्या गाजरगवताचं बी त्या सुकलेल्या चिखलातूनच वर जातं. रविवारी सहा वाजता लॉ कॉलेजच्या बाजूनं निघतोय, त्या बाहेरच्या रांगांवर काटक्या आणि दगड टाकायचे आहेत. येणाऱ्यांनी जुने बूट घाला, हातमोजे मी आणतो.