कोपराची आतली बाजू

(दृश्य : सकाळचं मैदान. भाला घेऊन धावत येणारी मुलगी. पहिला थ्रो पूर्ण होईपर्यंत निवेदन नाही.)

ग्वाल्हेर. १८५७च्या उठावाला शंभर वर्षं होत होती, तेव्हा १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं. मैदानावर घाम गाळणारी पोरं या शहराला नवी नाहीत. ही मुलगी लष्कर भागातली, मराठी घरातली. हातातल्या भाल्याचं वजन ६०० ग्रॅम.

आता तोच थ्रो सावकाश बघा. कोपर पुढे निघालंय, हात आणि भाला अजून मागेच. नेमक्या या क्षणी कोपराचा सांधा आतल्या बाजूनं उघडू पाहतो. त्याला आवरून धरतं एक लिगामेंट : दंडाच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यापासून करंगळीच्या बाजूच्या हाडापर्यंत गेलेली, जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी. भोवतीचे स्नायू मदतीला असतात, पण ते दमले की सगळा ताण हिच्यावर येतो.

(दृश्य : घर. तेलाची वाटी, आजीचे हात.)

आजी म्हणते, "चमक भरलीये गं, दोन दिवसांत उतरेल." आजीला तसं वाटणारच, कारण ही मुलगी पाण्याची बादली उचलते, पोळ्या लाटते, स्कूटी चालवते. रोजच्या कामांत या लिगामेंटवाचून फारसं अडतच नाही. दुखतं ते फक्त फेकताना. म्हणूनच इतके खेळाडू महिनोन् महिने चोळत बसतात आणि वर फेकतही राहतात.

(दृश्य : तपासणीची खोली. चेहऱ्याचा क्लोजअप.)

डॉक्टर कोपर पूर्ण वाकवतात, हात बाहेरच्या बाजूला रेटून धरतात आणि झटकन सरळ करतात. हाताकडे नका बघू, चेहऱ्याकडे बघा. साधारण १२० ते ७० अंशांच्या मध्ये तो बदलतो. एमआरआय नंतरची गोष्ट, शंका इथेच पक्की होते. लिगामेंट थोडंसंच फाटलेलं असेल, तर विश्रांती आणि फिजिओथेरपीवर बरेच जण बरे होतात. हिचं पूर्ण तुटलं होतं.

आता हे तुम्हीही करून बघा. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर आलं? तो टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. काहींच्या हातात तो नसतोच, आणि नसल्यानं त्यांचं काही बिघडत नाही. १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या उजव्या मनगटातला हाच टेंडन काढून डाव्या कोपरात, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवला. यशाची शक्यता त्यांनी सांगितली होती शंभरात एक. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे.

जाता जाता एक खुलासा. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती ही नव्हे. त्याच्या सांध्यातले हाडाचे तुकडे काढले होते.

(दृश्य : दिल्ली, ऑपरेशन थिएटर.)

दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवलाय. आतल्या बाजूला चीर. पिवळसर-पांढरी दिसते ती नस. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या हिच्यामुळे. आधी तिला सांभाळायचं. मग स्नायू न कापता, त्याचे धागे बाजूला सारून खाली जायचं. दोन्ही हाडांत ड्रिलनं बारीक बोगदे. मनगटातून काढलेला टेंडन बोगद्यांतून ओवला जातो, कोपर थोडं वाकवून ताण बघितला जातो, आणि मगच गाठ. ढिला राहिला तर थ्रो करताना सांधा पुन्हा उघडणार. इथे सर्जन तीनदा हात हलवून बघतात. तेवढा वेळ कुणी बोलत नाही, आपणही नको.

(इथे निवेदन नाही. यंत्रांचा आवाज.)

बसवलेल्या टेंडनमध्ये हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो लिगामेंटसारखा होत जातो. घाई चालत नाही ती यामुळे. आधी ब्रेस, मग कोपर सरळ करण्याचे व्यायाम, मग खांदा, पाठ, पाय. फेकायला सुरुवात साधारण चार महिन्यांनी, तीही हलक्या चेंडूनं. पूर्ण ताकदीनं भाला हाती यायला वर्ष, कधी त्याहून जास्त. मधल्या काळात राज्याची निवड चाचणी होऊन गेली, आणि दिल्लीच्या खर्चासाठी घरच्यांनी कर्ज काढलं.

(दृश्य : मैदान. प्रशिक्षकांची वही.)

वहीत आता दोन रकाने आहेत. एकात थ्रोची संख्या, दुसऱ्यात दुखणं, शून्य ते दहा. दुसरा रकाना ती स्वतः भरते. आकडा तीनच्या वर गेला, की त्या दिवशी भाला हातात घ्यायचा नाही, आणि आठवडाभर तो उतरला नाही, तर तेलाची वाटी नव्हे, डॉक्टरांचा नंबर काढायचा, असं प्रशिक्षकांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.