पॉलिहाऊसमधलं दव आणि राखाडी बुरशी

जानेवारी, सकाळचे पावणेसात. जुन्नर भागातलं एक पॉलिहाऊस. पडदे रात्रभर बंद होते. छताच्या प्लॅस्टिकला आतून थेंब लटकलेत आणि एकेक करून ढोबळी मिरचीच्या पानांवर गळताहेत. राखाडी बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, एवढं पुरतं. 15 ते 23 अंश तापमान, 90 टक्क्यांवर आर्द्रता आणि पानावर काही तास टिकलेलं पाणी मिळालं की बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, रुजतो.

हिला भुरी समजून गंधक मारलं, तर पैसे वाया. भुरी पांढरी, पिठासारखी; ती चांगल्या हिरव्या पानावर येते आणि तिला पानावर पाणी लागत नाही. ही करडी, मखमलीसारखी, कुजलेल्या भागावर वाढणारी. बोट लागलं की धूळ उडते. ती धूळ म्हणजे बीजाणूच.

सुरुवात बहुधा मेलेल्या भागातून होते. पानावर चिकटलेली फुलाची पाकळी, प्रोट्रेतलं (रोपांच्या कप्पेवाल्या ट्रेमधलं) पिवळं पडलेलं तळचं पान, किंवा टोमॅटोचं पान काढताना राहिलेला देठाचा खुंट. खुंटातून बुरशी खोडात शिरते, खोडाला वेढा घालते आणि वरचं झाड सुकतं. म्हणून देठ अगदी खोडालगत कापायचा. तोही कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर. संध्याकाळपर्यंत जखम सुकली पाहिजे.

आता पडद्यांकडे या, कारण खरी चूक इथे होते. ऊन आलं की आतली हवा झटकन तापते, मातीतून आणि पानांतून वाफ उठते. जाड खोड आणि फळं मात्र रात्रीचा गारवा धरून असतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं त्यांच्यावर सुटतं. ‘जरा ऊब धरू दे, मग उघडू’ म्हणून नऊपर्यंत थांबलात, तर सगळं पीक ओलं. ऊन येताच आधी वरची खिडकी, मग बाजूचे पडदे हळूहळू उघडा. संध्याकाळी दमट हवा बाहेर पडू द्या, मगच पडदे खाली. थंडीत संध्याकाळी फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) नकोच.

रोपवाटिकेत पाणी सकाळीच द्या, दुपारपर्यंत पानं कोरडी व्हावीत. 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये तीन आठवड्यांनी पानाला पान भिडतं. तेव्हा ट्रे एकमेकांपासून चार बोटं लांब सरकवा. रोपं भराभर वाढावीत म्हणून नत्र वाढवलं, तर ती मऊ, लुसलुशीत होतात आणि आधी तीच कुजतात.

रोगट भाग दिसला तर पिशवी झाडापाशी न्या आणि त्यातच कापून टाका. हातात धरून ओळींमधून नेलात, तर वाटेतल्या प्रत्येक झाडावर बीजाणू पडतात. कात्री 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. पिशवीचं तोंड बांधून कचरा लांब पुरा. बांधावर टाकला, तर त्यातल्या काळ्या टणक गाठींतून बुरशी पुढच्या हंगामात परत येते.

औषध शेवटी. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला दाद न देणाऱ्या बोट्रायटिसच्या जाती जगभर सापडल्या आहेत. एकाच गटाचं औषध लागोपाठ नको. त्या पिकासाठी लेबल क्लेम असलेलंच, म्हणजे लेबलवर त्या पिकाची शिफारस असलेलंच घ्या आणि फवारणी ते काढणी यांत सोडायचा काळ पाळा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरायची तर रोग येण्याआधी, आणि रासायनिक बुरशीनाशकात न मिसळता.

आर्द्रतामापक दारापाशी नको. तो पिकाच्या उंचीला, ओळीच्या मधोमध, सावलीत टांगा. काटा 85 टक्के ओलांडू लागला की वरची खिडकी उघडा, बाहेर थंडी असली तरी.