पाणी तोडल्यावर येणारी कळी

(दृश्य: सांगोला तालुका, डिसेंबरची सकाळ. माळावरची डाळिंबाची बाग. झाडं मरगळलेली, बुडाशी पिवळ्या पानांचा सडा.)

लांबून पाहणाऱ्याला वाटेल, बाग वाळायला लागली. पानं पिवळी पडून लोंबतायत, ठिबकच्या नळ्या कोरड्याठाक आहेत. शेजारी शेततळं भरलेलं आहे, तरी मोटार बंद. वाटेवरच्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं, "बाग ताणावर हाय." म्हणजे कळी एकदम निघावी म्हणून पाणी मुद्दाम तोडलंय.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचाच, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. अशा जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेही २००५ पासून. पाणी कमी असून हे पीक इथं रुजलं, त्याचं एक कारण या कोरड्या नळ्यांत आहे.

डाळिंबाला मोकळं सोडलं तर आपल्या हवेत वर्षभर थोडी थोडी कळी निघत राहते. तिच्यातून बाजारात नेण्याजोगा माल होत नाही. म्हणून बहार धरायचा, म्हणजे सगळी कळी एका ठरलेल्या हंगामात काढायची. जूनच्या पावसावर मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. मृगात दमट हवा, तेल्या या जिवाणूजन्य रोगाची टांगती तलवार. हस्तात पावसानं साथ दिली नाही तर ताण बसतच नाही. आंबे बहारात आभाळ कोरडं असतं, ताण हुकमी बसतो. पण फळं पोसायची एप्रिल-मेच्या उन्हात. ज्याच्या तळ्यात मेअखेरपर्यंत पाणी टिकेल, त्यानंच तो धरावा.

(दृश्य: काडीचा जवळून शॉट. शेंडा थांबलेला, साल किंचित सुरकुतलेली.)

पाणी तुटलं की शेंडा थांबतो. पानांनी तयार केलेलं अन्न नव्या फुटीवर खर्च न होता काडीत साठतं, आणि पुढं पाणी मिळालं की त्याच साठ्यावर कळी निघते. हलक्या मुरमाड रानात ३० ते ३५ दिवसांत ताण पुरा होतो, काळ्या भारी जमिनीत ४० ते ४५ दिवस लागतात. पण कॅलेंडरपेक्षा झाडाकडं बघावं. पानं पिवळी पडून गळायला लागली, की ताण बसला. राहिलेली पानं इथ्रेल हे पानगळीचं औषध फवारून उतरवतात; किती मात्रा घ्यायची हे झाडावर किती पानं उरलीत यावर ठरतं. मग हलकी छाटणी.

आता जे सांगायचंय ते कळीच्याही आधीचं आहे. काडीत साठा असेल तरच ताणाचा उपयोग. मागची फळं उतरली की झाड रिकामं झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडं दुर्लक्ष होतं. पैसे हातात आलेले असतात, बागेत काम दिसत नाही. त्या तीन-चार महिन्यांच्या विश्रांतीत झाडाला शेणखत द्या, बेताचं पाणी चालू ठेवा, पानं निरोगी ठेवा. तिथं हात आखडला तर पुढं कितीही महागडी फवारणी घ्या, कळी विरळच निघते. अशक्त किंवा रोगट झाडाला तर ताण देऊच नये, ते त्यातून उठत नाही.

(दृश्य: झाडाच्या घेराच्या कडेला टिकावानं माती उकरताना. मुरमात पांढरी मुळी.)

ही पांढरी मुळी पाहा. दोऱ्याएवढी बारीक, हात लावला तर तुटणारी. अन्नपाणी घेते ती हीच, आणि ती खोडाजवळ नाही, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं आहे. खत इथं पडलं पाहिजे, ड्रीपरही इथंच. झाड लहान असताना खोडाशी लावलेली नळी पाच वर्षांनंतरही तिथंच असलेल्या कितीतरी बागा दिसतात. त्यानं मुळी उपाशी राहते आणि खोड सतत ओलं राहून रोगाला आमंत्रण मिळतं. मर रोगानं आणि खोडाला भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यानं सांगोल्यात चांगल्या चांगल्या बागा उपटायला लावल्यात.

पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश ही आपल्याकडची रुळलेली शिफारस. माती तपासून ती कमीजास्त करायची. स्फुरद, पालाश आणि कुजलेलं शेणखत पाणी सोडतानाच द्यायचं, नत्र मात्र हप्त्याहप्त्यानं. एकदम युरिया ओतला की बाग हिरवीगार दिसते, घरचे खूश होतात, आणि कळी फुटीत हरवते. आपल्या चुनखडीच्या रानात आणखी एक अडचण. लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर नत्र वाढवून काही होत नाही, लोह द्यावं लागतं.

पहिलं पाणी हलकं. ताणलेल्या झाडाला एकदम भरपूर पाजू नये. फूट वाढेल तसं पाणी वाढवायचं आणि पुढं खंड पडू द्यायचा नाही. आज तुंबवलं, मग आठ दिवस विसरलो, की कळी गळते. पुढं हाच हिशेब चुकला तर फळ तडकतं. उसाचं पाचट जिल्ह्यात मुबलक आहे. ते घेरात पसरलं तर ओल टिकते.

(दृश्य: फेब्रुवारी. तळहातावर शेजारी शेजारी दोन फुलं.)

डावीकडचं बुडाशी निमुळतं, घंटेसारखं. हे नर फूल, गळणारच. ते गळालं म्हणून घाबरून औषधाच्या दुकानात पळायचं कारण नाही. उजवीकडचं बुडाशी फुगीर, हिला शेतकरी मादी कळी म्हणतात. फळ हिचं होतं. फुलोऱ्यात रोज अशा कळ्यांवर नजर ठेवा, आणि मधमाश्या फिरत असताना कीटकनाशक मारू नका. सेटिंगचा, म्हणजे फळधारणेचा, बराच भार त्यांच्यावर असतो.

झाडाच्या ताकदीप्रमाणे ६० ते ८० फळं धरली, की मागाहून येणाऱ्या कळ्या खुडून टाकायच्या. हिरवा-लाल ढीग पाहून जीव हळहळतो, पण उशिराची कळी आधीच्या फळाच्या तोंडचं पाणी पिते.