मुंबईच्या आधी वर्धा

रामराम मंडळी. आज एक मे, म्हणजे सकाळपासून मुंबई, पुणे, रायगड सगळं ऐकून झालं असंल तुमचं. ऐकाच, त्याले माझी ना नाई. पण देश घडवण्यात महाराष्ट्राचा वाटा काय असं कोणी विचारलं का आपण लगेच मुंबईकडं बोट दाखवतो, अन् आपलंच घर, आपला विदर्भ, राहून जाते बाप्पा!

आता चले जावचंच घ्या. 8 ऑगस्ट 1942, गोवालिया टँक, शाळेतल्या पोट्ट्यालेबी पाठ आहे. पण त्याच्या आधी 14 जुलैले काँग्रेस वर्किंग कमिटीनं ठराव केला तो वर्ध्यात, गांधीजी 1936 पासून शेजारीच सेवाग्रामले राहत होते नं, तं देशभरचे पुढारी गाडी पकडून आपल्याकडं यायचे. अन् मुंबईच्या सभेले आठ दिवस होत नाई तं 16 ऑगस्टले, ऐन नागपंचमीले, चिमूर अन् आष्टी पेटलं, गोळ्या चालल्या, माणसं गेली. तुकडोजी महाराजांले धरून नागपूर अन् रायपूरच्या जेलात ठेवलं. त्यांच्या हातात खंजिरी होती बरं का, बंदूक नाई.

पुढं आपल्या अमरावतीकडचे, पापळचे पंजाबराव देशमुख घटना समितीत होते, मंग 1952 ते 1962 केंद्रात कृषिमंत्री. त्यांच्यावर येकदा वेगळं बोलू, आज टाइम कमी आहे.

मले खरं सांगायचं ते रोजगार हमीचं. 1972 चा दुष्काळ, राज्याचे मुख्यमंत्री आपल्या पुसदकडचे वसंतराव नाईक, अन् ज्याले काम पाहिजे त्याले सरकारनं काम द्यावं ही कल्पना सांगलीकडच्या वि. स. पाग्यांची. पैसा कुठून आणला? 1975 ले व्यवसाय कर लावला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचे अन् तो पैसा खेड्यातल्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, यायचा, असा हिशोब मले तरी दुसरीकडं पाहायले भेटला नाई. 1977 ले कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. दिल्लीले तोच धागा धरून देशभराचा कायदा करायले 2005 उजाडलं!

माही आजी त्या दुष्काळात खडी फोडायले जायची. मिलो ज्वारीची लाल भाकर, कामावर भेटलेली सुकडी, डोळ्यात उडालेली कपची, हे सगळं ती हसत सांगे, पण मस्टरवर अंगठ्याऐवजी सही केली ते मात्र लय तोऱ्यात. तो रस्ता अजून आहे, वरून डांबर पडलं. बैलगाडीतून जाताना ती म्हणे, पाह्य रे, या नाल्यापासून त्या बाभळीपर्यंतचा माहा.