फोटोला किती वेळ द्यायचा?

नमस्कार. आज बोलायचं आहे ते फोटोंच्या छोट्या स्लाइडशोबद्दल. १५ ते ३० सेकंदांचा, फोनवर उभा बघितला जाणारा. काम सोपं वाटतं: फोटो निवडले, गाणं लावलं, ॲपने आपोआप जोडून दिलं. असे स्लाइडशो फसतात तेव्हा कारण बहुधा एकच असतं. कोणत्या फोटोला किती वेळ मिळाला, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

हातात अल्बम असला की माणूस आपल्या गतीने पान उलटतो. एका चेहऱ्यापाशी रेंगाळतो, डोंगराच्या चार फोटोंवरून झरझर पुढे जातो. स्लाइडशोमध्ये हा अधिकार आपण बघणाऱ्याकडून काढून घेतो. मग तो कुठे रेंगाळला असता, हे ओळखायची जबाबदारी आपली. एडिटर, म्हणजे व्हिडिओ जोडायचं ॲप, मात्र प्रत्येक फोटोला सारखाच वेळ देतो, बहुतेकदा ३ ते ५ सेकंद. म्हणजे एकट्या फुलाच्या फोटोला ५ सेकंद आणि १२ जणांच्या ग्रुप फोटोलाही ५ सेकंद. पहिल्याला बघणारा कंटाळतो, दुसऱ्यात त्याला हवा तो चेहरा सापडेपर्यंत फोटो जातो.

म्हणून सुरुवात टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमध्ये फोटो ओळीने लावायच्या पट्टीवर, करू नका, कागदावर करा. समजा २० सेकंद आहेत. पहिला फोटो दीड सेकंद, कारण तेवढ्यात थांबायचं की पुढे सरकायचं हे बघणारा ठरवतो. दोन ग्रुप फोटो, प्रत्येकी साडेतीन. मजकुराची एक पाटी, तीन सेकंद. शेवटचा फोटो अडीच. झाले १४. उरले ६ सेकंद. त्यात एकेका माणसाचे, साध्या पार्श्वभूमीचे पाच फोटो १.२ सेकंदांनी बसतात. एकूण ९ फोटो आणि एक पाटी. तुमच्याकडे ४० फोटो असतील तर ३१ गाळायचे आहेत, हे एडिटर उघडण्याआधीच कळतं. गाळताना पहिली कात्री जवळजवळ सारख्या फोटोंना लावा. एकाच क्षणाचे दोन फोटो पाठोपाठ आले की व्हिडिओ अडखळल्यासारखा दिसतो. एक ठेवा, किंवा सरळ चार-पाच घेऊन मुद्दाम भरभर दाखवा. दोन मात्र कधीच नाहीत.

आणि प्रत्येक फोटोत वाचण्यासारखं किंवा निरखण्यासारखं भरपूर असेल, पाककृतीच्या पायऱ्या, नकाशा, जुनी कागदपत्रं, तर व्हिडिओ करूच नका. बोटाने सरकवायच्या फोटोंची पोस्ट करा. इन्स्टाग्रामवर अशा एका पोस्टमध्ये ऑगस्ट २०२४ पासून २० फोटो बसतात, आधी १० बसायचे. तिथे वेळ पुन्हा बघणाऱ्याच्या हातात जातो.

आता फोटोची फाइल. मेसेजमधून आलेला फोटो आकाराने घटलेला असतो, आणि तो कधी काढला ही त्यातली नोंदही बहुधा गळून पडलेली असते. त्यामुळे तारखेप्रमाणे लावायला गेलात की क्रम विस्कटतो. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून. आयफोनचे फोटो २०१७ पासून, आयओएस ११ आल्यावर, एचईआयसी स्वरूपात जतन होऊ लागले. एखादं जुनं सॉफ्टवेअर ते उघडत नाही, तेव्हा आधी जेपीईजी करून घ्या. आणि काही फोटो आडवे पडलेले दिसले तर घाबरू नका. फोन कसा धरला होता याची खूण फाइलमध्ये असते आणि एडिटर ती वाचत नाही, इतकंच. फिरवून पुन्हा सेव्ह करा.

चौकटीचं गणित एकदा समजून घेतलं की जन्माचं काम होतं. पडदा ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल. फोनचा उभा फोटो ३:४ असतो. तो पडदाभर केला तर रुंदीचा पाव भाग जातो. चालतं. आडवा ४:३ फोटो पडदाभर केला तर रुंदीचा फक्त ४२ टक्के उरतो, आणि कॅमेऱ्याचा आडवा ३:२ असेल तर साडेसदतीस टक्के. कडेची माणसं गेलीच. न कापता आडवा ठेवला, तर तो पडद्याचाही तेवढाच भाग व्यापतो, वर-खाली रिकामं. त्या रिकाम्या जागेत त्याच फोटोची धुरकट प्रत भरायची सवय सगळ्यांना लागली आहे. माझं मत विचाराल तर साधा गडद रंग बरा. धुरकट प्रतीत रंग हलत राहतात आणि नजर मूळ फोटोवर ठरत नाही.

तिसरा मार्ग आडव्या फोटोवरून डावीकडून उजवीकडे सरकत जाण्याचा. ४:३ फोटो पडद्याच्या उंचीइतका केला की त्याची रुंदी २५६० पिक्सेल होते. आपल्याला दिसतात १०८०, म्हणजे १४८० पिक्सेलचा प्रवास. तो ५ सेकंदांत केला तर सेकंदाला ३० फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) हिशेबाने एका फ्रेमला साधारण १० पिक्सेल. ही गती डोळ्याला झेपते. दोन सेकंदांत उरकायला गेलात तर चेहरे ओळखू येत नाहीत. पण यासाठी फाइल मोठी हवी. मेसेजमधून आलेला १६०० बाय १२०० चा फोटो १९२० उंचीला ताणला की तो १.६ पट होतो आणि पापण्या, केस, कापडाचा पोत सगळं मऊ पडतं.

हळूहळू जवळ जाण्याच्या हालचालीत एक दोष वारंवार दिसतो: विटांची भिंत, जाळी किंवा बारीक चौकड्यांचं कापड थरथरतं. कारण साधं आहे. तीन सेकंदांत १०० टक्क्यांवरून १०८ टक्क्यांवर गेलात, तर फोटोची कड ९० फ्रेममध्ये ४३ पिक्सेल सरकते, म्हणजे एका फ्रेमला अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी. काही ॲप अर्धा पिक्सेल दाखवत नाहीत, पूर्णांकात ढकलतात. मग एका फ्रेमला काही हलत नाही आणि पुढच्या फ्रेमला एकदम पिक्सेलभर उडी. इलाज तीन: फोटो आधी लहान करून आणू नका, मूळ आकारातच टाइमलाइनवर टाका, हालचाल थोडी वाढवा, ११५ टक्क्यांपर्यंत, किंवा तो फोटो स्थिर ठेवा. स्थिर फोटोत कमीपणा काही नाही. सगळेच फोटो हलायला लागले की नजरेला टेकायला जागा राहत नाही. आणि हालचालीचा शेवट हळू होत थांबवू नका. फोटो थांबला, मग बदलला, असे दोन धक्के बसतात. एकसारख्या गतीने चालू असतानाच कापा.

आता ठेका. प्रत्येक मात्रेवर फोटो बदलणं हा उत्साहातला घोटाळा आहे. १२० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, १५ फ्रेमची. अर्ध्या सेकंदात चेहरा दिसतो, पण बघून होत नाही. चार मात्रांचं आवर्तन धरा, समेवर बदला, आणि एखाद-दुसऱ्या जागी दोन मात्रांवर. म्हणजे २ सेकंद आणि १ सेकंद अशी पावलं मिळतात, आणि कागदावरचे आकडे त्यांत बसवता येतात. १.२ चा फोटो १ वर येईल, साडेतीनचा ४ वर जाईल.

खरी अडचण लय गोल आकड्यात नसते तेव्हा येते. ११० ची लय घ्या. चार मात्रा म्हणजे २.१८ सेकंद. काही एडिटर दशांशानंतर एकच आकडा घेतात, म्हणून आपण २.२ लिहितो. दर फोटोला सेकंदाचा पन्नासावा भाग उशीर, कोणाला कळणार? पण हा उशीर साचतो. दहा फोटो झाले की कट समेच्या जवळजवळ ०.१८ सेकंद मागे पडलेला असतो, आणि ते कानाला लगेच टोचतं. सुरुवात नेमकी आणि शेवट ढिला, असा स्लाइडशो दिसला तर दोष बहुधा हाच. उपाय: फोटोंना कालावधी देऊच नका. आधी गाणं लावा, ऐकत ऐकत समेवर खुणा टाका, आणि प्रत्येक फोटोची कड ओढून खुणेला चिकटवा. कट खुणेच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवला तर तो जास्त नेमका वाटतो; उशिराचा कट मात्र माफ होत नाही.

एक फोटो विरत असताना दुसरा उमटतो, ते वापरणार असाल तर त्याचा वेळ मोजा. दोन-दोन सेकंदांचे दहा फोटो, मध्ये अर्ध्या सेकंदाचे नऊ सांधे. अनेक एडिटरमध्ये सांध्याच्या जागी दोन्ही फोटो एकमेकांवर चढतात, म्हणून २० सेकंदांचे साडेपंधरा होतात. मधल्या फोटोंचा दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा सेकंद सांध्यात जातो. निखळ उरतो एकच. ठेक्यावर सगळं बसवल्यानंतर असे सांधे घातले की आधीचं काम मातीत गेलं. साधा कट वापरा. काळ बदलला, जागा बदलली, तिथेच एखादा सांधा, आणि तोही कट लावण्याआधी ठरवून.

भरभर फोटोंबद्दल एक गंभीर सूचना. उजळ आणि काळपट फोटो आलटून पालटून वेगाने दाखवले की पडदा लुकलुकतो, आणि प्रकाशाला संवेदनशील असणाऱ्या काहींना त्यातून फेफरं येऊ शकतं. वेबच्या सुलभतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लुकलुकाट नको, असं म्हटलं आहे. ती मर्यादा पाळा.

मजकुराकडे येतो, कारण मराठीत इथेच सर्वांत जास्त मोडतोड होते. मजकूर किती वेळ ठेवायचा? मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका. जागा कुठली? १९२० उंचीच्या पडद्यावर वरचे अंदाजे २५० आणि खालचे ४०० पिक्सेल सोडा. उजव्या कडेला बटणं येतात, तिथले १५०. ॲपप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून अटीतटीने कडेला जाऊ नका.

अक्षरांचं बघा. एडिटरला देवनागरी जुळवता येत नसेल तर ‘किल्ला’ मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ल्ला’ चा पाय मोडतो. ‘किल्ला’, ‘प्रश्न’, ‘दऱ्या’, ‘तूर्त’ हे चार शब्द आधी टाइप करून पाहा. ‘दऱ्या’ मधला आडवा र नीट आला तर फॉन्ट मराठीच्या कामाचा. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत मिळतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा. लॅटिन लिपीत ते देखणं दिसतं, आपली शिरोरेषा तुटते. एकेक अक्षर उमटण्याचं ॲनिमेशनही नको: आधी ‘क’, मग ‘कि’, मग पाय मोडलेला ‘ल्’. शब्द-शब्द उमटणारं घ्या. ओळींमध्ये अक्षराच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. आणि ॲप मोडतोड करतच असेल तर मजकुराची पाटी दुसरीकडे पारदर्शक पीएनजी म्हणून तयार करून आणा, प्रश्न मिटला.

रंगाचं थोडक्यात: सगळ्या फोटोंवर एकच फिल्टर टाकल्याने ते एकसारखे होत नाहीत. दिव्याखालचा पिवळा फोटो पिवळाच राहतो, वर फिल्टर चढतो. आधी प्रत्येकाचा पांढरा रंग पांढरा करा, उजेड जुळवा, मग फिल्टर.

गाणं शक्यतो त्या-त्या ॲपच्या संग्रहातून लावा. बाहेरून चिकटवलेलं गाणं हक्कांच्या कारणाने मूक होऊ शकतं, आणि व्यवसायाच्या खात्याला वैयक्तिक खात्याइतकी गाणी मिळत नाहीत. एडिटरमध्ये ठेक्यावर बसवून झालं की आवाज बंद करून एक्सपोर्ट करा, आणि गाण्याचा कितवा सेकंद पहिल्या फोटोला येतो ते लिहून ठेवा. ॲपमध्ये त्याच सेकंदापासून लावायचं आहे.

एक्सपोर्ट १०८० बाय १९२०, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), सेकंदाला साधारण १० ते १५ मेगाबिट. तयार फाइल स्वतःलाच मेसेजने पाठवून फोनवर घेऊ नका. तिथे एकदा दाबली जाते, अपलोड करताना पुन्हा. केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या.

मग दुसऱ्याच फोनवर, आधी आवाज बंद करून आणि नंतर चालू करून, पूर्ण बघा. शेवटच्या फ्रेमवर विशेष लक्ष द्या: आवाजाची किंवा मजकुराची पट्टी शेवटच्या फोटोपेक्षा दोन फ्रेम लांब राहिली असेल तर व्हिडिओ पुन्हा सुरू होताना काळा झटका दिसतो. पट्टी मागे ओढा. फोटोंच्या पार्श्वभूमीत गाडीचा नंबर, घराची पाटी, मुलांच्या गणवेशावरचं शाळेचं नाव आलं आहे का, तेही याच फेरीत बघा, आणि त्या मुलांच्या पालकांना विचारलं आहे ना, तेही. पोस्ट केल्यानंतर तिच्याखालचं कॅप्शन बदलता येतं. व्हिडिओतला फोटो बदलायचा तर सगळं काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि खाली जमलेल्या प्रतिक्रिया त्याबरोबर जातात.