डोरन्स यांच्यानंतरचा पहिला हंगाम

फलकावरचे घड्याळ उलटे धावते आहे. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सॉकरमध्ये, म्हणजे फुटबॉलमध्ये, प्रत्येक अर्धात वेळ पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे मोजली जाते, त्यामुळे किती क्षण उरले हे खेळाडूंपासून शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत सर्वांना दिसत असते. डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींकडे २-० अशी आघाडी होती. प्रतिस्पर्धी यूसीएलएने (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) आधी एक गोल फेडला आणि अवघे १६ सेकंद उरले असताना त्यांच्या रीलिन टर्नरने हेडर मारून, म्हणजे डोक्याने चेंडू ढकलून, बरोबरी साधली. जादा वेळेत सामना ३-२ असा हातचा गेला.

या संघाच्या नावावर तेव्हाही एनसीएएची (अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था) २१ विजेतेपदे होती. शिक्षणसंस्थांमधील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला, १९७९ मध्ये ॲन्सन डोरन्स यांनी चॅपल हिल या गावी असलेल्या या विद्यापीठाच्या महिला संघाची सूत्रे हाती घेतली आणि १९८२ मध्ये भरलेली एनसीएएची पहिली महिला स्पर्धा याच संघाने जिंकली. १९८६ ते १९९४ या काळात तर सलग नऊ वर्षे करंडक कोणाला हलवता आला नाही. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गाजलेल्या मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली त्याच काळात इथे घडल्या. मात्र २०१२ नंतर विजेतेपद रुसले. २०१८, २०१९ आणि २०२२ अशा तीन अंतिम सामन्यांत पराभवच पदरी पडला.

२०२४ हे वर्ष तर उणेपणानेच सुरू झाले. जानेवारीतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिली ॲली सेंटनर आणि दुसरी सॅव्ही किंग, अशा या संघाच्या दोन खेळाडू गेल्या. ऑगस्टमध्ये, पहिला सामना काही दिवसांवर आला असताना, डोरन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. घरच्या मैदानालाही त्यांचेच नाव असलेल्या संघाची जबाबदारी हंगामी प्रशिक्षक म्हणून डेमन नाहस यांच्याकडे आली.

हा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतो. आठवड्याला बहुधा दोन सामने असतात, अभ्यास सांभाळायचा असतो आणि सरावासह खेळाला आठवड्यात वीस तासांहून अधिक वेळ देण्यास नियमाने मनाई असते. पहिल्या अर्धात बाहेर आलेली खेळाडू त्या अर्धात परतू शकत नाही, परंतु दुसऱ्या अर्धात बाहेर आलेलीला एकदा पुन्हा उतरता येते. त्यामुळे राखीव खेळाडूंचा कस लागतो आणि ज्या संघाची राखीव फळी भक्कम, त्याला शेवटची वीस मिनिटे झेपतात. दमलेल्या खेळाडूला ताकद राखून खेळण्याची कला यामुळे शिकावी लागत नाही, हा जुना आक्षेप मात्र निराधार म्हणता येणार नाही.

बाद फेरीतले चौसष्ट संघ गळत गळत चार उरले, आणि त्या चौघांपैकी तीन एकट्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले निघाले. केरी येथील उपांत्य सामन्यात शेजारच्या ड्यूकला ३-० असे नमवून नाहस यांचा संघ पुढे सरकला. दुसरीकडे वेक फॉरेस्टने स्टॅनफर्डला १-० असे हरवून प्रथमच अंतिम फेरी गाठली.

९ डिसेंबर २०२४, अंतिम सामना. दोन वर्षांपूर्वी आघाडी निसटली ते मैदानही केरीचे हेच. पूर्वार्धात गोल होत नाही. बासष्टाव्या मिनिटाला नॉर्थ कॅरोलायनाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, मिळतो; ऑलिव्हिया थॉमस कोपऱ्यात चेंडू ठेवते. गोलसमोर दोन्ही संघांच्या मुली एकमेकींना खेटून उभ्या आहेत, सर्वांची तयारी हेडरसाठी. चेंडू मात्र वळण घेत थेट जाळ्यात जातो. यानंतरची जवळजवळ अठ्ठावीस मिनिटे बचावफळीने काढली आणि १-० या निकालासह बावीसावे विजेतेपद, बारा वर्षांनी, चॅपल हिलला आले. हंगामाचा हिशेब बावीस विजय आणि पाच पराभव असा झाला. नाहस यांची नियुक्तीही कायम झाली.